रोडबाइकवर दळणाचा डबा

शनिवार-रविवारी पहाटे पुण्याच्या कोणत्याही मोठ्या रस्त्यावर उभं राहिलं की रोडबाइकी दिसतात. कोणी कात्रजच्या जुन्या घाटाकडे निघालेलं, कोणी खडकवासल्याकडे, कोणी लोणावळ्याच्या दिशेनं. साठ-सत्तर किलोमीटर करून मंडळी दहाच्या आत घरी परततात, सायकल गॅलरीतल्या खुंटीला टांगली जाते आणि मग स्वयंपाकघरातून हाक येते: दही संपलंय. दही आणायला स्कूटर बाहेर पडते. डेअरी असते अर्ध्या किलोमीटरवर.

यावर हसणं सोपं आहे, पण त्या माणसाचं फारसं काही चुकतंय असं मला वाटत नाही. त्याच्या सायकलला स्टँड नाही, कॅरियर नाही, घंटी नाही. पायात पॅडलला खटकन बसणारे बूट आहेत आणि ते घालून दुकानाच्या फरशीवर धड चालता येत नाही. सत्तर किलोमीटर बिनतक्रार नेणारी वस्तू अर्ध्या किलोमीटरच्या कामाला निरुपयोगी का ठरते, आणि ती उपयोगी करून घेता येते का, याचा हा आढावा. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. शहरात रोडबाइक चालवणं फारसं अवघड नाही. अवघड आहे ते तिला थांबवणं. आणि घरच्या किरकोळ कामांची फेरी म्हणजे मुख्यतः थांबेच असतात: गिरणी, औषधांचं दुकान, बँक, मंडई, परत गिरणी.

कामाची सायकल कशी असते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. काळी, उंच, दांडीची ती सायकल अजून गल्लोगल्ली फिरते. वजन वीस किलोच्या आसपास. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०, कारण ओझं मागे असतं. गजांचा दणकट कॅरियर, चाक उचलून धरणारा दोन पायांचा स्टँड, पायजमा अडकू न देणारं चेनकव्हर आणि मागच्या चाकाला कायमचं बसवलेलं कडीचं कुलूप. मुंबईचे डबेवाले हिच्यावरच डबे नेतात. गोव्यातला पोदेर मागे पावांची भलीमोठी टोपली बांधून, पों-पों वाजवत सकाळ-संध्याकाळ हिच्यावरच फिरतो. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो आणि टाकीसकट तो तीस किलोच्या घरात जातो. असे दोन-दोन सिलिंडर लटकवून ही सायकल जाताना आपण पाहिलेली आहे. तिचा प्रत्येक भाग थांबण्याचा, उभं राहण्याचा, लादण्याचा विचार करून बनलेला आहे. चालण्यात ती जड आहे, चढावर तर उतरून ढकलावीच लागते, पण तिच्या मालकाची त्याबद्दल तक्रार नसते.

२०११ च्या जनगणनेनुसार शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांना जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलनं जात होते, आणि स्कूटर-मोटारसायकलनं जाणारेही साधारण तेवढेच होते. तेव्हा सायकलवर रोजची कामं होतात का, हा प्रश्न देशातल्या कोट्यवधी लोकांना कधी पडलेलाच नाही. तो पडतो तो रोडबाइक घेतलेल्या मध्यमवर्गीयाला. त्यानं, किंवा त्याच्या वडिलांनी, काळी सायकल केव्हाच भंगारात काढली आणि वीस-पंचवीस वर्षांनी सायकल परत घेतली ती व्यायामासाठी. ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला. याच सुमारास टाळेबंदीत कंटाळलेल्या शहरी माणसाला गिअरच्या सायकली हव्या होत्या आणि दुकानांत त्या मिळत नव्हत्या. एक सायकल गेली आणि दुसरी आली, पण दुसरीनं पहिलीचं काम उचललं नाही.

रोडबाइक मात्र जन्मापासून अशी निरुपयोगी नव्हती. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सायकलींची जी लाट आली, तीत १९७२ या एका वर्षात सुमारे १ कोटी ४० लाख सायकली विकल्या गेल्या. त्यातल्या पुष्कळ वाकड्या हँडलच्या, दहा गिअरच्या होत्या. त्यांचे टायर सव्वा इंच रुंद, म्हणजे आजच्या मापात ३२ मिलिमीटर. मडगार्ड बसवायला जागा, कॅरियर कसायला आटे पाडलेली भोकं. लाट ओसरल्यावर याच पोलादी सायकली तिथे विद्यार्थ्यांच्या आणि कारकुनांच्या झाल्या. पुढे शर्यतीच्या सायकलींची नक्कल दुकानात आली. टायर २३ मिलिमीटरवर आले, चाक आणि सांगाडा यांतली फट बोटभरही उरली नाही, भोकं गेली, कारण शर्यतीत कॅरियर कोण लावतं? जागतिक सायकलिंग संघटनेनं शर्यतीच्या सायकलचं किमान वजन ६.८ किलो ठरवून दिलं आहे. दुकानातली साधी रोडबाइक नऊ ते अकरा किलोची असते, पण मनानं ती त्या ६.८ कडेच पाहत असते.

गेल्या दहा-बारा वर्षांत काटा उलटा फिरला. शर्यतीतल्या स्वारांचेच टायर २८ आणि त्याहून रुंद झाले, २०१८ मध्ये शर्यतीत डिस्क ब्रेकना कायमची मान्यता मिळाली आणि डिस्कमुळे रुंद टायरला जागा झाली. कच्च्या रस्त्यांसाठीच्या ग्रॅव्हल सायकली आल्या, त्यांना मडगार्ड-कॅरियरची भोकं परत मिळाली. तेव्हा पहिला सल्ला हाच: काम करून घ्यायचं असेल तर सायकल घेताना रंग आणि गिअर बघण्याआधी खाली वाकून दोन गोष्टी बघाव्यात. मागच्या आसाजवळ कॅरियरची भोकं आहेत का, आणि ३२ चा टायर मावतो का. दोन्ही असतील तर पुढचं जमण्यासारखं आहे. दोन्ही नसतील, आणि सांगाडा कार्बनचा असेल, तर तिच्याकडून दळणाची अपेक्षा ठेवू नये. रविवारी कात्रजला जावं आणि स्कूटरनं दही आणावं.

टायरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण बहुतेक लोक इथेच चुकीची भीती धरतात. बारीक टायर खड्ड्यात टिकत नाही असं म्हणतात. खरं म्हणजे टिकत नाही ती बारीक टायरमधली कमी हवा. खड्ड्याच्या कडेवर आणि रिमवर ट्यूब चेपली जाऊन शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ते टाळायला लोक हवा शंभरच्या पुढे ठासतात आणि मग हाडं खिळखिळी करून घेतात. अमेरिकन अभियंता फ्रँक बर्टो यांनी मोजमाप करून एक अंदाज दिला होता: वजन पडल्यावर टायरची उंची सुमारे १५ टक्के दबावी, इतपत हवा असावी. सत्तर किलोच्या माणसाला २५ च्या टायरमध्ये ऐंशी-नव्वद पीएसआय लागत असेल, तर ३२ च्या टायरमध्ये साठच्या आत भागतं आणि रिमही वाचते. पाठीवर किंवा कॅरियरवर ओझं घेतलं की मागच्या चाकात थोडी जास्त, कारण एरवीही निम्म्याहून अधिक भार मागेच असतो.

पुणे-मुंबईच्या रस्त्यांवर हा फरक रोज कळतो. गतिरोधकाचं आपल्याकडे अधिकृत माप आहे: इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार तो ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर असावा. प्रत्यक्षात सोसायटीबाहेर डांबराचा ढिगारा ओतलेला असतो, नाहीतर रबरी पट्ट्यांची ओळ ठोकलेली असते. पेव्हर ब्लॉकच्या फटी, सिमेंट रस्त्याच्या पट्ट्यांमधले उभे सांधे, पावसाळी गटाराच्या रस्त्याला समांतर बसवलेल्या जाळ्या हे बारीक चाकाचे खरे शत्रू आहेत. २५ चं चाक अशा जाळीत उतरलं तर स्वार पुढे जातो आणि सायकल मागे राहते. ३२ चं बहुतेक वेळा वरून जातं.

पंक्चरपेक्षा हवेचा प्रश्न मला मोठा वाटतो, आणि तो मजेशीर आहे. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे दोन तऱ्हेच्या तोंडांची सोय असते: काळ्या सायकलची वालट्यूबवाली आणि स्कूटर-मोटारीची जाड. रोडबाइकच्या ट्यूबला बहुधा तिसरंच, काडीसारखं बारीक तोंड असतं. त्याच्या टोकाची चिमुकली चकती आधी सैल करावी लागते, मग हवा जाते. पंक्चरवाला नळी दाबतो, हवा बाहेरच फुसफुसते, तो आणखी जोरानं दाबतो आणि मधली काडी वाकते. दोष त्याचा नाही. महिन्यात एखादी अशी सायकल त्याच्याकडे येणार. उपाय दोन. पितळी अडॅप्टर नावाची नखाएवढी टोपी मिळते, ती एकदा बसवून ठेवली की कोणत्याही पेट्रोल पंपावर वा दुकानात हवा भरता येते. आणि घरात मीटरवाला उभा पंप असावाच, कारण बारीक टायरमधली हवा आठवडाभरात जाणवेल इतकी उतरते. या दोन वस्तू नसलेली रोडबाइक शहरात महिनाभरही सुखानं चालत नाही.

आता ओझं. इथे लोक पहिली चूक करतात ती पिशवी हँडलला अडकवण्याची. सरळ हँडलच्या सायकलला हे कसंबसं चालतं. वाकड्या हँडलच्या पिशवीला हेलकावे खायला खाली पुढचं चाकच असतं. पिशवीचा बंद तारांत गेला तर ब्रेक लावायचीही गरज उरत नाही. दुसरी सवय पाठीवरच्या सॅकची. तीन-चार किलोंपर्यंत ती ठीक आहे: दूध, ब्रेड, औषधं, लायब्ररीची पुस्तकं. पण रोडबाइकवर माणूस पुढे झुकलेला असतो, ओझं कमरेवर न येता खांद्यांवर आणि तळहातांवर येतं, आणि एप्रिलमध्ये पाठ भिजून जाते. मंडईतून येताना पाच किलो बटाटे सॅकमध्ये भरणारा माणूस दुसऱ्या खेपेला रिक्षा करतो.

सीटच्या दांड्याला चिमटून बसणारे कॅरियर मिळतात आणि दिसायला सुटसुटीत असतात. त्यांची ताकद बेताची, बनावटीप्रमाणे पाच ते दहा किलो. कार्बनच्या दांड्याला ते लावूच नयेत, आवळून तडा जातो. सांगाड्याला चार ठिकाणी कसलेला कॅरियर मात्र बरंच पेलतो. पुष्कळांवर २५ किलोंचा आकडा छापलेला असतो. पण तो आकडा कॅरियरचा आहे, चाकाचा नाही. रोडबाइकच्या मागच्या चाकाला कधी २४ तर कधी २८ तारा असतात. काळ्या सायकलच्या ४० तारांचं काम त्या करणार नाहीत, आणि केलं तर लवकरच चाकाचा आउट काढायला कारागिराकडे जावं लागेल. शिवाय पॅडलच्या आसापासून मागच्या आसापर्यंतचं अंतर रोडबाइकमध्ये ४१ सेंटिमीटरच्या आसपास, दूरच्या प्रवासाच्या सायकलीत ४४ ते ४६. त्या तीन-चार सेंटिमीटरमुळे कॅरियरच्या बाजूंना लटकवलेल्या पिशव्यांना प्रत्येक फेऱ्यात टाच आपटते. लहान पिशव्या घ्याव्यात, किंवा त्या जमतील तितक्या मागे सरकवाव्यात.

मग दळण? पाच किलोंचा डबा, नीट आवळून बांधलेला, चांगल्या कॅरियरवर जातो. दहा किलोंचाही जातो, पण सायकल डुलते, आणि उभी करताना ती एका हातात, डबा दुसऱ्या हातात आणि पिठाची चिठ्ठी दातात, अशी अवस्था होते. कारण परत तेच: स्टँड नाही. हलक्या सायकलला बाजूचा स्टँड लावता येतो, पण अनेक सांगाड्यांना त्यासाठी जागा नसते. नळीवर आवळून बसवला तर ॲल्युमिनियमची पातळ नळी चेपते, आणि ओझं चढवलं की सायकल स्टँडसकट आडवी होते. माझ्या मते दहा किलो हीच रोडबाइकची मर्यादा मानावी. त्यापुढचं सामान दुकानदार घरपोच पाठवतो.

थांबण्याचा सगळ्यात वाईट भाग कुलूप. वीस किलोची सायकल मागच्या चाकाला कुलूप घालून सोडली तर चोराला ती उचलून न्यावी लागत असे, आणि उचलून नेणारा माणूस चारचौघांत उठून दिसे. नऊ किलोची सायकल एका हातात जाते. वर चाकं खटका उघडून क्षणात निघतात. इटलीच्या टुलिओ कँपान्योलो यांच्या नावाशी जोडलेली ही युक्ती शर्यतीत चाक चटकन काढता यावं म्हणून निघाली. बाजारात ती चोराला चटकन काढता यावं म्हणून काम करते. तेव्हा खटका काढून साधा नट लावून घ्यावा, सांगाडा आणि मागचं चाक मिळून पोलादी यू-कुलूप एखाद्या न हलणाऱ्या वस्तूला घालावं. पण न हलणारी वस्तू कुठे आहे? विजेच्या खांबाला मिठीत घेईल एवढं कुलूप मिळत नाही. झाडाला आळं आणि जाळी. दुकानाच्या शटरची कडी दुकानदाराची. जिथे सायकल स्टँड म्हणून काही असतं तिथे पुढचं चाक खुपसायच्या खाचा असतात. त्यात बारीक चाक नीट बसत नाही, आणि शेजारची स्कूटर कोणी ढकलली की रिम वाकते. एके काळी थिएटरबाहेर सायकल स्टँड असे, तिथे माणूस बसलेला असे, तो हातात बिल्ला देई. ती व्यवस्था मोटारसायकलींनी खाऊन टाकली.

बाकीच्या अडचणी लवकर सांगून संपवता येतील, कारण त्या खऱ्या असल्या तरी सुटणाऱ्या आहेत. बूट साधे आणि पॅडल सपाट ठेवावं, रोजच्या कामात पाय अडकवून काही मिळत नाही. वाकून बसण्याची भीती वाटत असेल तर हात हँडलच्या खालच्या वळणात न ठेवता ब्रेकच्या मुठींवर ठेवावेत; तिथून ब्रेकही लागतो आणि गर्दीत समोरचं व मागचंही दिसतं. सरळ हँडल बसवून घेऊ म्हणणाऱ्यांनी आधी हिशेब विचारावा, कारण ब्रेक आणि गिअर एकाच मुठीत असल्यानं हँडलबरोबर सगळंच बदलतं. गिअर मात्र वरदान आहेत. काळ्या सायकलच्या एका पॅडलफेऱ्यात पाच-साडेपाच मीटर जावं लागतं. रोडबाइकच्या सगळ्यात हलक्या गिअरमध्ये, पुढे ३४ आणि मागे २८ दात असतील तर, सुमारे २.६ मीटर. चांदणी चौकाचा चढ किंवा सिग्नलवरून ओझ्यासकट सुटणं, दोन्हींत हा फरक गुडघ्यांना कळतो. पावसात रिम ब्रेक उशिरा पकडतो, आणि चिखलाचे कण रिमच खातात. चार महिने पाऊस असणाऱ्या आपल्या भागात डिस्क ब्रेकचे जास्तीचे पैसे वसूल होतात. मडगार्ड लावावेत, कारण मागच्या चाकाचा फवारा थेट पाठीवर येतो. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, घंटीसुद्धा; हेल्मेटइतकंच हेही गरजेचं. सायकलला लायसन्स लागत नाही, म्हणून नियम लागत नाहीत असं समजणारे उलट्या दिशेनं येतात, त्यांच्यासाठी तर घंटी हवीच.

एक गोष्ट सायकलप्रेमींच्या चर्चेत क्वचितच येते. घरची किरकोळ कामं आपल्याकडे बहुतांशी बाईकडे असतात, आणि रोडबाइक बनते पुरुषाच्या अंगमापावर: आडवी दांडी, लांब पोहोच, मुठीपासून दूर असलेले ब्रेक. साडीत ती चालवता येत नाही, सलवारीत दांडीवरून पाय टाकताना आणि चेनकव्हर नसलेल्या दातांपासून ओढणी सांभाळताना वैताग येतो. पुण्यात बायका कित्येक दशकं सायकलनं कामाला गेल्या आहेत, पण बिनदांडीच्या सायकलींवर, पुढे टोपली लावून. मानव विकास कार्यक्रमात राज्य सरकार मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेसाठी सायकली देतं, त्याही त्याच घडणीच्या. जपानमध्ये आया मुलांना आणि भाजीला ज्या खालच्या दांडीच्या सायकलीवर नेतात, तीही हीच. रोडबाइकनं रोजची कामं होतात असं म्हणणाऱ्यानं आधी सांगावं की कोणाची कामं आणि कोण करणार. रविवारचा स्वार बुधवारी मंडईत गेला तर घरात एक चांगली गोष्ट घडेल, ती सायकलीच्या पलीकडची आहे.

शहराकडून मदत किती? २००६ मध्ये पुण्यात स्वारगेट-कात्रज रस्त्यावर बीआरटी आली तेव्हा शेजारी सायकल मार्गही आले. ते तुटक निघाले, मध्येच खांब, मध्येच टपरी. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेनं आठशे किलोमीटरहून अधिक मार्गांचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली रस्त्यांवर आल्या आणि दोनेक वर्षांत बहुतेक दिसेनाशा झाल्या. मुंबईत सागरी सेतूवर आणि किनारी रस्त्यावर सायकलला बंदी आहे. यातलं बरंच काही चालवण्याच्या सोयीबद्दल आहे आणि ते महत्त्वाचं आहेच. पण गल्लीबोळातल्या तीन किलोमीटरच्या कामाला खास मार्ग लागतोच असं नाही. पेठांमधून रहदारी इतकी हळू जाते की सायकलस्वार तिच्या बरोबरीनं राहतो, अनेकदा पुढे. लागते ती पोहोचल्यावरची जागा.

तेव्हा निकाल असा. रोडबाइक घरात आहे, कॅरियरची भोकं आहेत, टायर २८ किंवा ३२ चा बसतो: तीन-चार हजारांत ती कामाची होते आणि दहा किलोंच्या आतल्या फेऱ्यांना स्कूटरपेक्षा कमी कटकटीची ठरते. घरात काहीच नाही आणि फक्त कामासाठीच घ्यायची आहे: रोडबाइक घेऊ नये. सरळ हँडलची हायब्रिड घ्यावी, किंवा काळी सायकल, किंवा चढाचं गाव असेल तर २५० वॅटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली ई-सायकल, तिला नोंदणी लागत नाही. सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेवढं निमित्तही पुरे.

आणि एक मागणी, ती दुकानदारांकडे आणि गृहनिर्माण सोसायट्यांकडे. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहराच्या नावानं ओळखला जाणारा सायकल स्टँड म्हणजे दोन इंची लोखंडी पाइप उलट्या यूच्या आकारात वाकवून जमिनीत पक्का केलेला, बस्स. कोणताही फॅब्रिकेटर तो एका दिवसात करून देतो. एकाला दोन सायकली लागतात, सांगाडा टेकतो, चाक वाकत नाही, कोणतंही कुलूप बसतं. सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत लिफ्ट आणि पाण्याच्या टाकीबरोबर हाही विषय मांडा: गेटच्या आत, वॉचमनला दिसेल अशा जागी, निदान दोन पाइप.